दादा येणार म्हणून जुना टीव्ही



पाठीला भलंमोठं कुबड असलेला जुना टीव्ही शोधून शोधून घरी आणणारा माणूस आपल्या मंडळात बहुधा मी एकटाच असेन. बाकी सगळ्यांनी तो केव्हाच हद्दपार केला. ज्यांनी केला नाही, त्यांचा बेसमेंटमध्ये पडून आहे, कारण आपल्या न्यू जर्सीत १ जानेवारी २०११ पासून टीव्ही साध्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. त्याच्या काचेत शिसं असतं. म्हणून अनेक जण "या आणि फुकट घेऊन जा" म्हणतात. फुकटातली वस्तू निवडायला मला दोन महिने का लागले, हे आमच्या हिला अजून उमगलेलं नाही. हा लेख थोडा तिच्यासाठी आणि थोडा तुमच्यासाठी.

आधी टीव्ही हवाच कशाला ते सांगतो. १९९२ साली नाशिकला आमच्याकडे 'कॅसेटचा व्हिडिओ गेम' आला. तो जपानी निन्टेंडोची नक्कल होता, पण आम्हाला त्याच्याशी काय देणंघेणं! मी आणि दादा त्यावर 'काँट्रा' खेळायचो. दोघं एकदम खेळायचे, आणि एकाचे जीव संपले की त्याला दुसऱ्याचा जीव उसना घेता यायचा. घेणारा कायम मी असायचो.

पुढे मी २००३ मध्ये एमएससाठी इकडे आलो. त्याच वर्षी बाबांना पहिला अटॅक आला आणि दादा पुण्याची नोकरी सोडून नाशिकला परतला. बाबा गेले, मग आईचं आजारपण सुरू झालं. आई होती तोवर दादाला घर सोडून कुठे जाणं शक्यच नव्हतं. आमचं दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं, पण काय? औषधं, बँकेच्या ठेवी, डॉक्टरांची तारीख. गेल्या वर्षी आई गेली आणि ते विषयही संपले. यंदा जूनमध्ये दादा आणि वहिनी पहिल्यांदा अमेरिकेत यायचे ठरले, सहा आठवड्यांसाठी. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, की उरलेल्या संध्याकाळी आम्ही दोघं बोलणार काय, ही मला खरी काळजी होती.

दादाने फोनवर विचारलं, "माळ्यावरचा आपला गेम आणू का रे?" मी नको म्हटलं. भारतातलं चित्र पाल पद्धतीचं, सेकंदाला ५० वेळा उमटणारं. इथलं एनटीएससी, ६० वेळा. ते मशीन इथल्या जुन्या टीव्हीला जोडलं तर रंग जातात, नाहीतर चित्र गरागरा फिरत राहतं. माझ्याकडे इथला खरा निन्टेंडो होता, 'काँट्रा'सकट. तो दिवाणखान्यातल्या चपट्या टीव्हीला जोडून पाहिला, पण मजा येईना.

ह्यामागचं कारण सोपं आहे. जुनं मशीन २४० ओळींचं चित्र पाठवतं. बरेचसे चपटे टीव्ही त्याला ४८० ओळींचं अर्धं चित्र समजतात, दोन अर्धी जोडायला बघतात, मग ताणून मोठं करतात, आणि तेव्हा कुठे दाखवतात. तोवर बटण दाबून झालेलं असतं आणि आपला शिपाई खड्ड्यात पडलेला असतो. जुना टीव्ही काही साठवत बसत नाही. ओळ आली की इलेक्ट्रॉनचा झोत ती त्याच क्षणी काचेवर ओढतो. 'डक हंट'ची बंदूक तर ह्याच वेळेच्या हिशेबावर चालते, त्यामुळे चपट्या टीव्हीवर बदकं मरतच नाहीत. शिवाय तेव्हाचे चित्रकार त्या काचेसाठीच चित्रं काढत. १९९१ च्या 'सॉनिक'मधला धबधबा म्हणजे नुसत्या उभ्या रेघा; पिवळ्या वायरीतून जुन्या टीव्हीवर आल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर घेऊ नका. तो सेकंदाला ३१ हजार किंवा त्याहून जास्त ओळी मागतो, आणि निन्टेंडो देतो पावणेसोळा हजार. चित्र बसत नाही. दुसरी, शेवटच्या काळात आलेले हाय-डेफिनिशन काचेचे टीव्ही टाळा. तेही चपट्यांसारखे आधी चित्रावर 'संस्कार' करत बसतात. तिसरी, मागची भोकं बघा. पिवळं हवंच. सुपर निन्टेंडो असेल तर एस-व्हिडिओ असल्यास उत्तम.

बघायला जाताना विक्रेत्याला सांगा, "मी येईपर्यंत टीव्ही सुरू करू नका." थंड टीव्हीच खरं बोलतो. म्हातारी झालेली नळी आधी अंधूक असते, रंग हळूहळू चढतात, पांढरा भाग शेजारी ओघळतो. मग पूर्ण पांढरं चित्र लावा. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसले तर घाबरू नका. जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकामुळेही तसं होतं आणि बहुतेक वेळा निघतं. पांढऱ्या रेघेच्या कडेला लाल-निळी झालर असेल तर दुरुस्ती किचकट. ट्रिनिट्रॉनच्या काचेवर एक-दोन पुसट आडव्या रेषा दिसतात. तो दोष नव्हे, आतल्या जाळीला धरून ठेवणाऱ्या तारांची ती सावली आहे. रिमोट मागून घ्या, त्याच्याशिवाय पुष्कळ टीव्हींचा मेनूच उघडत नाही. आणि मागचं झाकण मात्र कधीही उघडू नका! आत २० हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ दबा धरून बसतो.

शेवटी माझ्यासमोर दोनच उरले. एक होता सोनीचा पीव्हीएम, टीव्ही स्टुडिओत आणि ऑपरेशन थिएटरात वापरायचे तो, १४ इंची. चित्र असं की सुईने कोरलंय! किंमत ६०० डॉलर. दुसरा, एका आजीबाईंच्या दिवाणखान्यातला २७ इंची, गोलसर काचेचा, २० डॉलरचा. कडेला चित्र जरा वाकलेलं, पण नळी ठणठणीत. माझ्यातला कन्सल्टंट तक्ता मांडून बसला आणि तक्त्यात पीव्हीएम जिंकत होता. पण निन्टेंडोतून, तो उघडून आत बदल केल्याशिवाय, पिवळ्या वायरीपलीकडचं काही निघत नाही. म्हणजे पीव्हीएमची अर्धी कर्तबगारी वायाच. आणि मुख्य म्हणजे १४ इंची पडद्यासमोर नाक लावून एक जण बसतो. माझ्या तक्त्यात 'समोर किती जण बसणार' हा रकानाच नव्हता. तो घातला आणि निकाल लागला.

टीव्ही ८०-१०० पौंडांचा. मी आणि शेजारच्या मुलाने काच छातीकडे धरून तो उतरवला, कारण सगळं वजन काचेकडे असतं. "हा माझ्या बेसमेंटमध्ये किती दिवस राहणार?" ही म्हणाली. मी म्हटलं, "सहा आठवडे." (ती मुदत संपली आहे, तेव्हा हा परिच्छेद तिने वाचू नये.)

दादा आला. पहिल्या दोन संध्याकाळी नुसता खेळ झाला. त्याला आता चाळिशीचा चष्मा आहे, पण अंगठा तोच. तिसऱ्या संध्याकाळी धबधब्याच्या टप्प्यावर माझे जीव संपले आणि मी सवयीने त्याचा एक घेतला. तो हसला. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "शेवटच्या आठवड्यात आई तुझं नाव घेत होती. मी तुला फोनवर सांगितलं नाही. तू तिथे बसून काय करणार होतास?" मीही पडद्याकडेच बघत होतो. समोरासमोर सोफ्यावर बसून ते त्याला सांगता आलं नसतं, आणि मला ऐकता आलं नसतं. त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत बोललो. खेळ कितव्या टप्प्यावर राहिला ते आठवत नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या बेसमेंटमध्ये असा एखादा कुबडा पडून असेल तर रिसायकलिंगला देण्याआधी एकदा सुरू करून बघा. चालत असेल तर माझ्यासारख्या कोणाला तरी द्या, आणि द्यायला कोणी सापडलं नाही तर गणपतीच्या जेवणाच्या रांगेत मला गाठा. उचलायला मी येईन, फक्त सोबत एक दणकट माणूस लागेल.