अहो, मान वर करा!

थांबा, आधी सांगून टाकतो, नाहीतर पोट फुगेल! नागपुरात इमारती आहेत! हसू नका. शहरात इमारती असतात एवढं मलाही ठाऊक होतं. पण दिसल्या कुठे होत्या? उभा जन्म जामसांवलीहून नागपूरला जातोय, सातनूर, केळवद, सावनेर करत. कधी संत्र्याचे पैसे घ्यायला, कधी दवाखान्यात, कधी लग्नाचा बस्ता काढायला. आणि दर वेळी नजर कुठे? खिशावर, नाहीतर खड्ड्यावर! त्यात आमचा जामसांवलीचा मारुतीराया पिंपळाखाली निजलेला. दर्शन घ्यायचं तरी मान खालीच घालायची. वर बघायची सवयच नाही हो आम्हाला!

परवा मात्र सीताबर्डीवर नवा चष्मा घेतला. लांबचा नंबर वाढला होता. दुकानातून बाहेर पडलो, भाच्यासोबत चालत झिरो माइलला आलो आणि घोडे! चार घोडे! हजारदा त्यांच्या शेजारून गेलो असेन. पण उधळायच्या बेतात आहेत आणि कोणीतरी ‘थांब’ म्हटल्यामुळे तसेच थांबलेत, हे परवा कळलं! आणि मग शेजारच्या खांबाच्या चौथऱ्यावर गावांची नावं कोरलेली दिसली, मैलांसकट. हैदराबाद ३१८. जबलपूर. शिवनी. बैतूल. आणि, धरा मला, छिंदवाडा ८३! आपला छिंदवाडा! २०२३ पासून आमचा जिल्हा पांढुर्णा झाला खरा, पण दगडाला कोण सांगणार? मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. भाचा म्हणाला, “मामा, लोक बघताहेत.” बघू देत! त्यांनीही वाचावं!

वास्तुकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, आधीच सांगतो. कमान आणि मेहराब यात फरक असतो का, हेही विचारू नका. पण तुम्ही आता माझ्यासोबत निघालाच आहात, तर चला, सिव्हिल लाइन्सला. हायकोर्ट!

काय ती इमारत! वर घुमट, आणि तो घुमट असा बसलाय, जणू बाकीची इमारत त्याला सावकाश खांद्यावरून खाली उतरवून मागे सरली. हेन्री मेड नावाच्या साहेबाने आराखडा केला, त्यानेच दिल्लीतही मोठी चर्च बांधली. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉयने येऊन उद्घाटन केलं. आत जाऊया म्हटलं, तर भाचा म्हणतो, “त्यासाठी काहीतरी गुन्हा करावा लागतो, मामा.” मग आम्ही फाटकाबाहेरूनच बघितलं. वीस मिनिटं! आणि बघता बघता मला सुचलं की हे तर आपलंच कोर्ट होतं! तेव्हाच्या सी. पी. अँड बेरार प्रांताची राजधानी नागपूर, छिंदवाडा जिल्हा त्यातला, म्हणजे आमच्या आजोबांच्या काळी सौंसरकडचं धुऱ्याचं भांडण फारच ताणलं तर शेवटी याच घुमटाखाली यायचं! आणि मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमचं हायकोर्ट गेलं जबलपूरला. घुमट मात्र इथेच राहिला. चोरीला गेलेला हंडा शेजारच्या घरी चकचकीत घासलेला दिसावा, तसं झालं मला! बरं, हक्क सांगायचाच तर सगळं नागपूरच आमचं. हे शहर वसवलं बख्त बुलंद शाहने, देवगडच्या गोंडराजाने. आणि देवगड कुठे? छिंदवाड्याच्या डोंगरात! भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग घरपट्टी तुम्हीच भरा.”

आणि मग मेट्रो. राहाटे कॉलनीला उतरून दीक्षाभूमीला जायचं ठरलं होतं. पण खिडकीतून गच्च्या दिसत होत्या, गच्च्यांवरचे पापड दिसत होते, आणि एका जुन्या घराला लाकडी सज्जा होता, हिरवा रंग उडालेला, त्यावर एक आजीबाई तांदूळ निवडत बसलेल्या, आणि मी “ते बघ, ते बघ” करत राहिलो आणि राहाटे कॉलनी गेली, अजनी चौक गेला, आणि उतरलो थेट जयप्रकाश नगरला! पण बरं झालं! खाली येऊन वर बघितलं तर एकाच खांबाच्या डोक्यावर मेट्रो, त्याच खांबाच्या काखेत उड्डाणपूल, आणि पायाशी आपला नेहमीचा वर्धा रोड! तीन मजली रस्ता! असा ३.१४ किलोमीटर! मी खांबाला हात लावून बघितला. गरम होता. का लावला, ते मलाही माहीत नाही.

दीक्षाभूमीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. स्तूपाच्या चारही बाजूंना तोरणं, सांचीसारखी. चपला काढून आत गेलो, आणि माझी बडबड आपोआप थांबली. बाहेरून डोंगराएवढा दिसणारा घुमट आतून पोकळ! नुसती जागा! पायाखाली गार फरशी, मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी, आणि एका पोराने आईला हळूच काही विचारलं तर तो आवाज वर जाऊन फिरून आला. स्तूप तसा नवा, २००१ साली खुला झालेला. पण दीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६ चा. बसमध्ये परतताना मी बोटांवर मोजलं. १ नोव्हेंबरला अठराच दिवस बाकी होते! म्हणजे त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं! मी शेजारच्या प्रवाशाला उठवून हे सांगितलं. तो सावनेरला उतरला. तिकीट बहुतेक पुढच्या सौंसरचं होतं बिचाऱ्याचं.

अजून स्टेशनाची १९२५ ची इमारत नीट बघायची राहिली. महालातला गांधी गेट राहिला. घरी म्हटलं, चष्म्याची काडी सैल लागतेय, शनिवारी पुन्हा नागपूरला जावं लागेल. बायको म्हणाली, “दाखवा बरं.” दाखवली. खरंच सैल होती!

स्क्रू ड्रायव्हर मी वेळेत जागेवर ठेवला होता.