नकलेंतील क्रम

शिक्षकाच्या पेशांत एक मोठें संकट आहे. जी चूक आम्ही एकदां वर्गांत ठामपणें सांगतों, ती दरसाल नव्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरत जाते. जिवाणूची पेशी म्हणजे एक गोणी आणि तिच्यांतील गुणसूत्र म्हणजे त्या गोणींत कसाबसा कोंबलेला दोरा, असें आम्ही कित्येक वर्षें शिकविलें. त्या दोऱ्यावर जनुकें कोणत्या क्रमानें ओंवलीं आहेत, यांत फारसा अर्थ शोधूं नये, असेंही आम्ही बजावीत असूं. एकदां मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, मग कांहीं जनुकें आरंभस्थानाच्या आसपासच कां सांपडतात?" आम्ही "योगायोग" एवढेंच म्हणालों आणि फळ्याकडे वळलों. तो शब्द आम्हांस पुढें फार बोंचला.

प्रश्न त्या मुलीचाच बरोबर होता. मनुष्याच्या आंतड्यांत नांदणारा ई. कोलाय हा जिवाणु घ्या. त्याची लांबी सुमारें 2 मायक्रोमीटर. परंतु त्याचें गुणसूत्र उलगडलें तर तें दीड मिलिमीटर भरतें. त्यांत सुमारें 46 लाख अक्षरजोड्या आहेत. हें गुणसूत्र वर्तुळाकार असल्याचें जॉन केर्न्स यांनीं 1963 सालीं चित्रानिशीं दाखविलें. पेशी दुभागण्यापूर्वीं या साऱ्या लेखाची प्रत निघावी लागते. ती एका ठराविक स्थानीं सुरू होते. तेथून नकलनविसांच्या दोन टोळ्या विरुद्ध दिशांनीं निघतात, प्रत्येक टोळी सेकंदास सुमारें 1000 अक्षरें उतरविते, आणि वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूस दोघींची गांठ पडते. या कामास सुमारें 40 मिनिटें लागतात.

परंतु उत्तम अन्न मिळालें कीं हीच पेशी 20 मिनिटांत दुभागते! हें साधतें कसें? पहिली प्रत पुरी होण्याआधींच दुसरी सुरू करून. त्यामुळें वेगानें वाढणाऱ्या पेशींत आरंभस्थानाजवळील जनुकांच्या प्रती शेवटाकडील जनुकांहून पुष्कळ अधिक असतात. आणि तेथें बहुतांशीं वास्तव्य कोणाचें? प्रथिनें घडविणारे रायबोसोम ज्यांतून तयार होतात, त्या जनुकांचें. म्हणजे वाढीच्या वेळीं ज्यांची निकड सर्वांत मोठी त्यांचें. पटकीच्या जिवाणूंतील असा एक जनुकगट संशोधकांनीं मुद्दाम आरंभस्थानापासून दूर नेऊन ठेवला, तेव्हां त्याची वाढ मंदावली.

जागेप्रमाणें दिशेलाही मोल आहे. जनुक वाचणारें विकर आणि प्रत काढणारी टोळी एकाच दोऱ्यावरून एकाच वेळीं चालतात. दोघांची दिशा एक असेल तर मागून येणाऱ्यास थोडें खोळंबावें लागतें. समोरासमोर आलीं तर टक्कर होते, काम अडतें आणि लेखास इजा पोंचण्याचा धोका वाढतो. ई. कोलायमधील रायबोसोमांच्या आरएनएचे सातही जनुकगट प्रतीच्याच दिशेनें वाचले जातात. बॅसिलस सब्टिलिस या मातींतील जिवाणूंत सुमारें पाऊण जनुकें तशीं आहेत. ज्यांवांचून जगणें अशक्य, त्यांत तर हें प्रमाण याहूनही मोठें.

आमच्या मातोश्रींनीं स्वयंपाकघराचा नकाशा कधीं काढला नाहीं. तरी मिसळणाचा डबा चुलीजवळ असे आणि सणावाराचीं पातेलीं माळ्यावर. रोजच्या कामानेंच ती मांडणी ठरविली होती. जिवाणूच्या घरांत तर मांडणारें कोणीच नाहीं. दोरा तुटून, उलटून, पुन्हां जुळून मांडण्या बदलत गेल्या; ज्या मांडणीनें प्रत अडली, तिचा वंश मागें पडला. हा क्रम परिपूर्ण आहे असेंही नव्हे. ई. कोलायमध्यें निम्म्याहून थोडींच अधिक जनुकें प्रतीच्या दिशेनें आहेत. पण त्यास योगायोग म्हणून फळ्याकडे वळण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

ती मुलगी आज कोठें आहे, आम्हांस ठाऊक नाहीं. तिच्या वहींत आमचा तो शब्द अजून असेल, आणि तो खोडावयास आमचा हात तेथवर पोंचणार नाहीं. आतां दरवर्षीं या विषयाच्या तासास आम्ही प्रथम तिचा प्रश्न फळ्यावर लिहितों, खालीं आमचें जुनें उत्तर लिहितों, आणि वर्गादेखत तें खोडून मग शिकविण्यास आरंभ करतों.