वळवाची सर

चालत जाणाऱ्याला मुलूख जसा ओळख देतो, तसा तो वाहनातून जाणाऱ्याला देत नाही. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गावच्या पदभ्रमण मंडळाचा सभासद झालो, तो याच ओढीने. मंडळात पेन्शनर आहेत, एक डॉक्टर आहेत, तशीच कॉलेजात शिकणारी मुलेमुलीही आहेत. एका चैत्रात आम्ही दापोली तालुक्यातील मुरुडहून हर्णैमार्गे आंजर्ल्यापर्यंत समुद्रकाठाने जायचे ठरविले.

मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. परीक्षेला बसण्यासाठी ते मुलगे असताना याच गावाहून भर पावसात, डोंगर तुडवीत साताऱ्याला पायी गेले होते. आणि तेथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही! पुढे 1958 साली त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. ही हकीकत आठवली, की आपल्या पायांना थकवा आल्याचे सांगण्याची लाज वाटते.

किनाऱ्याने चालणाऱ्याने आधी समुद्राचे वेळापत्रक पाहावे. कोकणातील कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. बारा वाजल्यानंतर तितक्या तासांनी पूर्ण भरती येते. आम्ही निघालो त्या दिवशी शुद्ध चतुर्थी होती. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास, आणि ओहोटी तिच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. म्हणून आम्ही सात वाजताच वाळूवर पाऊल ठेवले.

सकाळ मोठी प्रसन्न होती. माडांच्या शेंड्यांवर धुके रेंगाळत होते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगाला गार लागत होता. ऊन चढले, की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. रोजचा हा क्रम. पण त्या दिवशी आम्ही हर्णैला पोहोचलो, तरी खाऱ्या वाऱ्याचा पत्ता नव्हता.

हर्णैच्या किनाऱ्यावरून पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक मोठे ठाणे. 1755 साली इंग्रजांच्या तोफांनी तो आंग्र्यांच्या हातून गेला. 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. त्याच्याकडे पाहत आम्ही शिदोऱ्या सोडल्या. एव्हाना हवा इतकी कोंदली होती, की माडाचे पानही हलेना.

दुपारी पाजपंढरीजवळ आलो, तेव्हा सह्याद्रीच्या बाजूने काळे ढग चढून आले. एकाएकी सोसाट्याचा वारा सुटला आणि टपोरे थेंब पडू लागले. आमच्या तरुण मंडळींनी आनंदाने आरोळी ठोकली. दोघांनी तर तोंडे वर करून पाऊस झेलायला सुरुवात केली.

तेवढ्यात कोळीवाड्यातून बायकामुले धावत आली. पुढच्या मोकळ्या जागेवर जवळा वाळत पसरलेला होता. कोणी सूप, कोणी टोपली, कोणी नुसता पदर घेऊन तो गोळा करू लागली. एक म्हातारी एकटीच होती. तिचे वाळवण सर्वांत लांब होते आणि तिच्याने वाकवत नव्हते. आरोळी ठोकणाऱ्या मुलांतलीच एक मुलगी क्षणभर थांबली, तिने पाठीवरची पिशवी टाकली आणि ती धावली. तिच्यामागे आम्ही सगळेच. ज्यांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता, तेही ओंजळी भरभरून जवळा टोपलीत टाकू लागले. तरी तिसरा हिस्सा भिजलाच.

पडवीत उभे राहून म्हातारी ओल्या जवळ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, “मास्तर, हा आता कुजायचा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा यावरच आमचं भागतं.” आवाजात तक्रार नव्हती. तिने आम्हांला माठातले पाणी दिले, आणि ‘पोरं भिजली’ म्हणून तिलाच हळहळ वाटली.

अर्ध्या तासात ऊन पडले. खाडीवरच्या पुलावरून आम्ही आंजर्ल्यात शिरलो. कड्यावरच्या गणपतीकडे चढताना एका आमराईत कोवळ्या कैऱ्यांचा सडा पडलेला दिसला. त्या वेचीत असलेल्या बागायतदाराने आमच्या मुलांच्या हातांवर चार-चार कैऱ्या ठेवल्या. “पडल्या त्या पडल्या,” तो म्हणाला, “झाडावर राहिल्यात त्यांना करपा न लागो, म्हणजे मिळवली.” कैरीला मीठ लावून खाण्याची गोष्ट एरवी किती आनंदाची! पण त्या दिवशी कोणी दात लावला नाही. साऱ्यांनी त्या मुकाट्याने पिशवीत ठेवल्या.

देवळाजवळून दक्षिणेकडे पाहिले, तर धुऊन निघालेल्या आकाशाखाली सुवर्णदुर्ग झळाळत होता. इतके सुंदर दृश्य मी क्वचितच पाहिले असेल. ते सौंदर्य खोटे नव्हते. म्हातारीचा ओला जवळाही खोटा नव्हता. एकाच पावसाने दोन्ही दिले होते.

मुलांनो, निसर्गाचे कौतुक अवश्य करा. पाऊस अंगावर घ्या, वाऱ्याशी खेळा. मात्र तोच पाऊस शेजारच्या अंगणात कोणाच्या वाळवणावर पडत नाही ना, हेही पाहत जा. आणि पडत असेल, तर धावायला उशीर करू नका.