गिंडी मुक्काम : भाग दुसरा

१४ नोव्हेंबर
पहाटेपासून धो धो पाऊस. चेन्नईचा खरा पावसाळा हा असा दिवाळीनंतरच. मैत्रीण आयआयटीत शिकवते, तिच्याबरोबर छत्री घेऊन निघाले. गिंडीच्या जंगलातूनच ही जागा काढलेली; झाडांखाली चितळं भिजत उभी होती. प्राध्यापकांच्या घरांमधून दोन सरळ रस्ते गजेंद्र चौकात येऊन मिळतात. एक दिल्ली ॲव्हेन्यू, दुसरा बॉन ॲव्हेन्यू. १९५६ साली पश्चिम जर्मनीने मदत देऊ केली, १९५९ साली बॉनमध्ये करार झाला आणि त्याच वर्षी संस्था सुरू झाली. पुण्यात वीस वर्षं जर्मन शिकवतेय मी. त्या रस्त्यावरून दोनदा चालले.

१५ नोव्हेंबर
आज बेल्जियममधल्या जर्मनभाषकांचा सण. दरवर्षी वर्गात सांगते ती गोष्ट आज मैत्रिणीच्या सासूबाईंना सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ऑयपेन आणि आसपासचा मुलूख जर्मनीकडून बेल्जियमकडे गेला. माणसं आपापल्या घरीच होती, देश बदलला. आज तिथे नऊ नगरपालिका, सुमारे ऐंशी हजार लोक, पण संसद स्वतःची. झेंड्यावर लाल सिंह, भोवती नऊ निळी फुलं. १९९० साली त्यांनी झेंडा ठरवला, सणाचा दिवसही.

आजी तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या काळात, सतराव्या शतकात, त्यांचं घराणं कावेरीकाठी आलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “नातवंडं बोलतात का त्यांची?”

“बोलतात. शाळाच जर्मन आहेत.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मी ही गोष्ट नेहमी झेंड्यापासून सुरू करते. पुढच्या वर्षी आजींच्या प्रश्नापासून करीन.

१६ नोव्हेंबर
आजींनी डांगर पच्चडी करायला घेतली. डांगर आपलं, पच्चडी इथली. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवायला नातीला बसवलं. फोडणीचं तेल तापलं. नात म्हणाली, “आजी, कडुगु दे.” आजींनी मिसळणाचा डबा मागे ओढला. पोरगी थांबली, आठवलं, हळूच म्हणाली, “मोहरी.” डबा पुढे आला. मोहरी तडतडली, हिंगाचा वास घरभर झाला.

उद्या तंजावर. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला मराठी शिलालेख पाहायचाय. नातही येतेय.