परसातील मटार

मुंब्र्याचा डोंगर मागे पडला की दिवा हे जंक्शन लागते. पूर्वी येथे खाडीकाठची भातशेते होती. आज चाळी आणि इमारती यांची अशी दाटी झाली आहे की, परसदार असलेले घर म्हणजे नवलच. अशाच एका बैठ्या घरामागे चार हात रुंद व दहा हात लांब एवढी जागा उरली होती. ती आजोबांची.

आजोबा मूळचे पुरंदर तालुक्यातले. तिकडे मृगाच्या सरी पडल्या की मटार पेरतात आणि थंडीला अवकाश असतानाच सासवडच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. नोकरीनिमित्त चाळीस वर्षे दिव्यात काढूनही त्या दाण्यांची गोडी आजोबांच्या जिभेवरून गेली नव्हती. एका वर्षी गावाहून परतताना त्यांनी 'अर्केल' या लवकर येणाऱ्या जातीचे बी आणले.

नातवाने पुडी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. सारे बी सुरकुतलेले!

"आजोबा, तुम्हांला फसवले हो! हे तर खराब बी."

आजोबा हसले. वाण्याकडचा वाळलेला वाटाणा गोल व गुळगुळीत असतो. या जातीचे बी मात्र मुळातच असे. याच्या हिरव्या दाण्यात साखरेचे पिष्ट कमी बनते, म्हणून तो गोड लागतो. साखरेमुळे दाण्यात पाणीही अधिक राहते आणि वाळताना ते उडून गेले की त्याचे अंग आक्रसते. ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने असे गोल आणि सुरकुतलेले वाटाणे घेऊन त्यांचा संकर केला होता. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे वाटले. पण पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. आनुवंशिकतेचे शास्त्र याच मोजणीतून उभे राहिले.

"एवढे सगळे दाणे मोजले?"

"मोजले, म्हणून तर कळले."

आजोबांना धीर मात्र नव्हता. नवरात्र संपण्यापूर्वीच त्यांनी बी टाकले. परतीचा पाऊस आला आणि त्या चिकट, खारवट मातीत तीन दिवस पाणी साचून राहिले. बहुतेक बी कुजले. जी चार रोपे वर आली, ती ऑक्टोबरच्या उन्हाने करपली. दोन दिवस आजोबा परसात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चूक माझीच. पुरंदरचे पंचांग मी दिव्यात वाचले." पुरंदरच्या उंच पठारावर पावसाळ्यातही हवा थंड असते व पाणी वाहून जाते, दिवा तर खाडीच्या पातळीवरचे गाव.

पुडीत आता मूठभरच बी उरले होते. या वेळी लाल माती आणि शेणखत घालून वाफा वीतभर उंच केला. नोव्हेंबरच्या मध्यावर, सकाळी अंगावर काहीतरी ओढून घ्यावेसे वाटू लागल्यावर, दोन बोटे खोल बी पेरले. आठवड्याभरात कोंब दिसले. पुढे पानांच्या टोकांना तंतू फुटले. नातवाने रोवलेल्या काटक्यांना त्यांनी असे काही वेढे घातले की, आधार कोठे आहे हे त्यांना कोणी सांगितले असावे! त्याने एक रोप उपटून पाहिले. आजोबा रागावले खरे, पण मुळांवरच्या बारीक गाठीही त्यांनीच दाखवल्या. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नायट्रोजन धरून रोपाला पुरवितात.

डिसेंबरात पांढरी फुले आली आणि काळजी सुरू झाली. ऊन तिशीच्या वर चढले की मटारची फुले गळतात, आणि दिव्याची दुपार काही पुरंदरची नव्हे. आजीने जुने लुगडे दिले. शाळेतून आला की नातू ते वाफ्यावर ताणून बांधी. तरीही पुष्कळ फुले गळालीच.

संक्रांतीच्या सुमारास शेंगा तोडल्या. अवघ्या एकेचाळीस! आजीने त्या सोलायला घेतल्या तेव्हा पातेल्यात पडण्यापूर्वीच निम्मे दाणे नातवाच्या तोंडात गेले. उसळीचा बेत राहिला. भातावर तेवढे चार दाणे पडले.

सहा शेंगा आजोबांनी वेलावरच ठेवल्या होत्या, पुढच्या वर्षीच्या बियांसाठी. त्यांतल्या दाण्यांवर सुरकुती कोणत्या दिवशी पडते, हे पाहण्यासाठी नातू रोज सकाळी दात घासत वाफ्यापाशी उभा राही.