माडीवरची आगगाडी

ज्या गांवास आगगाडी नाहीं, त्या गांवच्या लोकांस आगगाडीचें वेड अधिक असतें, असा आमचा अनुभव आहे. आमचें बिडकीन हें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, व पैठण यांच्या साधारण निम्म्या वाटेवर वसलें आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहतीमुळें अलीकडे त्याचें नांव दूरवर पोंचलें. परंतु गाडींत बसावयाचें तर अजूनहि शहराचें स्टेशनच गांठावें लागतें. अशा गांवीं, आमच्या वाड्याच्या माडीवरील एका रिकाम्या खोलींत आगगाडी आणण्याचा बेत आम्हीं मांडला आहे. तो वाचकांस केवळ पोरखेळ वाटूं नये, म्हणून त्याचा हिशेब येथें देतों.

हें वेड आमचें एकट्याचें नव्हे. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं लघुरेल्वेचें संग्रहालय उभें केलें व तें १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें एका दालनांत सबंध नगर वसविलें असून त्यांतून गाड्या धांवतात. दालनांतील दिवे मालवले म्हणजे त्या नगरांत रात्र पडते आणि बारीक बारीक दिवे लुकलुकूं लागतात. पुण्यास जाणाऱ्या कुटुंबांनीं मुलांबाळांसह तें अवश्य पाहावें. मात्र तें पाहून ‘आपणहि असेंच करूं’ असें म्हणणाऱ्यानें प्रथम आपली खोली मोजावी.

आमची खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. या छंदाचें सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ हें होय. म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ फूट तो प्रतिकृतींत १ फूट. चारी भिंतींची कड मिळून ४४ फूट भरते. तिला ८७ नीं गुणिलें असतां ३,८२८ फूट होतात. म्हणजे पुरता पाऊण मैलहि नाहीं! तेव्हां एकच स्टेशन निवडावें व त्याच्याशीं एकनिष्ठ राहावें, हा पहिला नियम ठरला.

दुसरा प्रश्न वळणाचा. आपल्याकडे रुंद मापाच्या मार्गावर अत्यंत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारें १७५ मीटर असते. तिला ८७ नीं भागिलें तर २ मीटर येतात, आणि सबंध वर्तुळास १३ फुटांहून अधिक जागा लागते. खोली तर १२ च फूट! मीटर मापाच्या मार्गास मात्र सुमारें १०९ मीटर त्रिज्या चालते. तिचें लघुवर्तुळ सव्वाआठ फुटांत बसतें. सरळ रूळ लांब भिंतीशीं जेमतेम तीन फूट उरतो, म्हणून गाडी दोनतीन डब्यांचीच ठेवावी लागेल. परंतु वळण तरी खोटें होणार नाहीं. अशा रीतीनें आमच्या मनानें जी गाडी आधींच निवडली होती, तिच्याच बाजूनें गणितानेंहि कौल दिला.

मनानें ती कां निवडली, तेंहि सांगितलें पाहिजे. निजामांच्या राज्यांतील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मीटर मापाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती पुरी होऊन मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाऊं लागली. मनमाडास मोठ्या गाडींतून उतरावें आणि ट्रंका, वळकट्या व मुलें मोजीत छोटी गाडी गांठावी, हा प्रकार मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा होता. त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आमच्याकडील मार्ग रुंद झाला. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. परंतु त्या छोट्या गाडीविषयीं आम्ही बोलूं लागलों कीं आमचीं नातवंडें एखादी पौराणिक कथा ऐकावी तशीं ऐकतात. कथा ऐकून विसरतात. हातांनीं सांधा बदलून गाडी फलाटास लावली तर विसरणार नाहींत.

स्टेशन दौलताबादचें योजिलें आहे. त्यासाठीं मुद्दाम तेथें जाऊन आलों. त्या मुलखांत कोठेंहि उभे राहिलें तरी देवगिरीचा डोंगर दृष्टीस खेंचून घेतो. त्यावांचून चित्र पुरें होणार नाहीं. परंतु सभोंवतालच्या सपाटीपासून त्याची उंची सुमारें २०० मीटर. भागाकार केला तर साडेसात फूट! चार फूट उंचीच्या फळीवर तो ठेवला तर आमचें छप्परच फोडील. डोंगर चेपून बुटका करणें आम्हांस पटेना. म्हणून तो भिंतीवर, दूर दिसतो तसा, रंगवावयाचा ठरविला.

एवढें होईपर्यंत घरांतील मोठा प्रश्न पुढें आला. थोरल्या वहिनींनीं विचारलें, “भाऊजी, तुमची गाडी येईल खरी, पण दिवाळीस पुण्यामुंबईहून येणारीं माणसें निजावयाचीं कोठें?” ही खोली पुतण्या नोकरीस गेल्यापासून वर्षांतून पंधरा दिवसच भरते, परंतु त्या पंधरा दिवसांसाठींच तर वाडा जागता आहे. खोलीच्या मध्यें मोठें मेज मांडण्याचा मूळ आराखडा तेव्हांच बाजूस ठेवला.

नवा आराखडा असा: भिंतींत लोखंडी टेकू बसवून चार फूट उंचीवर सुमारें दोन फूट रुंदीच्या फळ्या, कोपऱ्यांत वळणापुरत्या अधिक रुंद, दाराशीं उचलतां येईल अशी फळी, मुलांसाठीं एक बाक. खालची जमीन सगळी मोकळी. वीज १२ व्होल्टांची, म्हणजे मुलांच्या हातास भय नाहीं. तिचा यंत्रभाग मात्र थोरांच्या ताब्यांत. वहिनींनीं जमिनीवर स्वतः गाद्या घालून पाहिल्या व सहा माणसें निजतात अशी खात्री करून घेतल्यावरच संमति दिली.

ज्यांस गाडी दाखवावयाची, त्यांनाच खोलींतून बाहेर काढणारा आराखडा कितीहि रेखीव असला तरी काय कामाचा? सुतार अक्षय्यतृतीयेस येणार आहे. सांधेवाल्याच्या जागेसाठीं तीन अर्ज आतांच आले आहेत. त्यांतील एक वहिनींचा आहे.