मजल

दोन गावांमधले अंतर मराठी माणसाने पूर्वी पायांनी मोजले. कोस हे माप होतेच. पण प्रवासाचा खरा हिशेब मांडला जाई तो मजलांनी. माणूस, घोडा आणि बैल यांनी एका दिवसात गाठावयाचा टप्पा म्हणजे मजल. वाटेतल्या नद्या, चिखल, ऊन आणि अंगातला थकवा हे सारे त्या एका शब्दात धरलेले असे.

मजलांच्या त्या काळात दिल्ली फार दूर होती. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. ती वार्ता दक्षिणेत पेशव्यांच्या कानी जाईपर्यंत आठवडे उलटले. मार्चमध्ये परतूरहून कूच केलेल्या सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने दिल्ली ताब्यात घेतली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता.

त्याच यमुनेच्या पूर्वेस, हिंडन नदीच्या काठी गाझियाबाद वसले आहे. कारखान्यांच्या या शहरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांना मुंबईचे अंतर ठाऊक असे ते आगगाडीच्या वेळापत्रकातून. दिल्लीपासून १३८४ किलोमीटर. पंजाब मेलने पूर्ण दिवस आणि वर काही तास. १९७२ पासून राजधानी एक्सप्रेसने एक रात्र. डोक्यावरून विमाने जात, पण ती हिंडनच्या वायुदल तळाची. प्रवाशाला विमान हवे असल्यास यमुना ओलांडून, अवघी दिल्ली पार करून पालम गाठावे लागे. २०१९ मध्ये हिंडन येथे नागरी टर्मिनल झाले आणि २०२५ मध्ये तेथून थेट मुंबईचे विमान सुरू झाले. आकाशमार्गे अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर, वेळ दोन तासांहून थोडा अधिक. ताशी आठशे किलोमीटरच्या गतीने दीड तासच लागावा. उरलेला वेळ धावपट्टीवरची चाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या आभाळातील खोळंबा यांत जातो. पौषातले धुके दाटले तर हा सारा हिशेबच कोलमडतो.

आगगाडीच्या दिवसांत वडील गेल्याची तार येई. मुंबईस भाऊबंद थोडा वेळ थांबत आणि मग कुणी वडीलधारे म्हणत, ‘तो दिल्लीकडे. कसा पोचणार? उचला आता.’ त्या बोलण्यात दोष नसे. मुलगा दहाव्यापर्यंत येऊन पोचे, आणि त्याला कोणी काही विचारीत नसे. त्याच्या वतीने अंतरानेच क्षमा मागितलेली असे.

आता माणसे थांबतात. मुलगा दुपारपर्यंत येऊ शकतो हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून तो न आल्यास कारण विचारले जाते. गोष्ट केवळ मरणाची नाही. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, भाचीचे लग्न, घरचा गणपती, कशालाच ‘लांब आहे’ हे उत्तर पुरत नाही. रजा नाही, तिकीट परवडत नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, आणि क्वचित मनच होत नाही. पूर्वी अंतराच्या पोटात दडून राहणारी ही कारणे आता उघडी पडतात. विमानाने थकवा वाचवला, पण न जाण्याचा भार ज्याचा त्याच्यावर टाकला.

मुंबईतली आई मात्र जुन्याच मापाने चालते. मुलगा उद्या येणार म्हटले की ती आदल्या सकाळपासून दाराकडे पाहू लागते. विमानाला दोन तास लागतात; तिला अजून एक मजल लागते.